तात्यांचा आवाज घरी राहिला

माणूस छत्री विसरतो, डबा विसरतो, एसटीत चपलासुद्धा विसरतो. मी एकदा सख्ख्या चुलत्यांचा आवाज घरी विसरून इंदापूरला गेले होते.

चुलते सोबत होते. चांगले धडधाकट होते. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी, खिशाला पेन (त्यात कांडी नव्हती, पण सभेला जायचं म्हणजे पेन पाहिजे!). आवाज तेवढा लासुर्ण्यात, आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये राहिला होता. ही गोष्ट मला माहीत नव्हती, त्यांना माहीत नव्हती, आणि समोर बसलेल्या तीनेकशे शेतकऱ्यांना तर मुळीच नव्हती.

हे सगळं सीडीच्या जमान्यातलं. परवा कपाट आवरताना एक जुनी सीडी हाती लागली, तर माझी लेक म्हणते, "आई, हे कशाचं झाकण आहे?" आता काय सांगू तिला? त्या झाकणापायी तुझ्या आईची इंदापुरात जी शोभा झाली ती सांगायला एक अख्खी दुपार लागेल, असं म्हणून मी ते परत कपाटात ठेवलं. पण तात्या आठवले, आणि आवरायचं राहिलं ते राहिलंच.

तात्या म्हणजे माझ्या वडलांचे धाकटे भाऊ. घर एक, चूल एक. त्यांचं सगळं चित्त उसात. सकाळी रानात गेले की उसाशी बोलायचे. थट्टा नाही करत, खरंच बोलायचे! "का रं बाबा, पिवळा पडलायस? पाणी जादा झालं व्हय?" असं चालायचं. काकी म्हणायच्या, "उसासंगं घंटाभर बोलत्यात. मला मातर 'भाकर वाढ' ह्येच्या म्होरं काय ऐकू आलं न्हाय जल्मात."

पण हेच तात्या चार माणसांसमोर उभे केले की खलास! एकदा पंधरा ऑगस्टला शाळेतल्या गुरुजींनी त्यांना 'दोन शब्द' बोलायला उभं केलं. तात्या म्हणाले, "बंधू आन् भगिनींनो." मग गप्प. पोरं वाट बघतायत, गुरुजी वाट बघतायत, वारा पडलेला म्हणून झेंडाही गप्प. शेवटी तात्या म्हणाले, "बसतो." आणि बसले. (सांगितले होते दोन शब्द, तसे बघितले तर दोन जास्तच झाले.)

गावानं त्यांना खुळ्यात काढलं होतं ते मात्र वेगळ्या कारणानं. ऊस तोडून गेला की रानात वाळका पाला राहतो, त्याला पाचट म्हणतात. सगळं गाव त्याला काडी लावून मोकळं व्हायचं. तात्या काडी लावायचे नाहीत. ते पाचट सरीत, म्हणजे उसाच्या दोन ओळींमधल्या चरात, अंथरून कुजवायचे, आणि सऱ्याही सोडायचे चांगल्या ऐसपैस. मग बांधावरून जाणारा येणारा टोमणा मारून जायचा. "तात्या, मधनं एसटी न्यायची हाय का?" किंवा, "आज रानाला गोधडी पांघारलीया जणू! थंडी वाजतीया का त्याला?" तात्या मान खाली घालून खुरपत राहायचे. उत्तर नसायचं असं नाही. घरी आल्यावर काकींना सांगायचे, "त्येला असं म्हणायला पायजे हुतं." काकी म्हणायच्या, "मग म्हणायचं हुतं की! मला सांगून मी काय करू, मी कुठं जाळतीया पाचट?"

अशी बरीच वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात विहिरी आटल्या, कॅनॉलला पाणी येईना, शेजारपाजारचा ऊस वाळून कोळ झाला. तात्यांचा ऊस हिरवागार उभा! पाचटाखालची माती ओली राहिली होती. कारखान्याचे शेतकी अधिकारी जीप थांबवून आत आले, पाचट बाजूला करून माती मुठीत घेतली आणि बघतच राहिले.

"तात्या, इंदापूरला ऊस उत्पादकांचा मेळावा आहे. तिथं हे सगळं तुम्ही सांगायचं."

"तुमीच सांगा की सायेब," तात्या एक पाऊल मागं सरकले.

"माझं कोण ऐकतंय? माझी पँट बघूनच लोक म्हणतात, ह्याला काय कळतंय. तुमच्या तोंडून आलं तर पटेल."

त्या संध्याकाळी तात्या अर्धीच भाकरी खाऊन उठले. काकी चुलीपुढं बसून मला ऐकवत होत्या (खरं तर तात्यांना ऐकवत होत्या), "इतकी वर्सं खुळा म्हणून घेतलं. आता लोक ऐकायला बसायलेत तर ह्यांची दातखीळ!"

तात्या माझ्याजवळ ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "वैशे, एकदा लोकांनी माझं सगळं नीट ऐकून घ्यावं, येवढी एकच विच्छा हाय गं. पण माइक बघितला की पाय गळत्यात माझं. पुन्यांदा 'बसतो' म्हणलो तर पाचटाचं नावबी कोण घ्यायचं न्हाय गावात."

मला भरून आलं. आणि भरून आलं की मला काहीतरी सुचतं, ही माझी जुनी खोड आहे.

त्या वेळी मी बारामतीला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स नुकताच केला होता. सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं होतं. वडलांनी हौसेनं घरी कॉम्प्युटर आणला होता आणि आईनं त्याला क्रोशाचा रुमाल घातला होता. गावात कुणाचा मोबाइल बंद पडला, कुणाच्या टीव्हीला मुंग्या आल्या, तरी माणसं मलाच विचारायला यायची आणि मी न लाजता सल्ले द्यायचे!

"तात्या, तुम्ही बोलायचंच नाही!" मी म्हणाले. "आपण स्लाइड करू. फोटो पडद्यावर दिसतील आणि तुमचा आवाज आधीच भरून ठेवू. तिथं तुम्ही नुसतं उभं राहायचं आणि काठीनं दाखवायचं."

"म्हंजी आवाज माझाच?"

"तुमचाच."

"आन् तोंड बंद?"

"एकदम बंद."

तात्यांच्या तोंडावर असं हसू फुटलं की काकी म्हणाल्या, "लग्नातबी येवढं हसलं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला बसलो. पहिली अडचण अशी की आमच्या कॉम्प्युटरातला रेकॉर्डर एका वेळी साठच सेकंद ऐकून घ्यायचा. साठावा सेकंद झाला की कट! तात्या एक वाक्य सुरू करायचे, मध्ये थांबून उसाकडं बघावं तसं कॉम्प्युटरकडं बघायचे, घसा खाकरायचे, तोवर वेळ संपायची.

"तात्या, साठ सेकंदांत एक मुद्दा बसवा."

"अगं, साठ सेकंदांत माझं पान लावून हुईत न्हाय, आन् पाचट कवा कुजवू?"

म्हणून मग मी कागदावर भाषण लिहून दिलं. शुद्ध! "मी एक सामान्य शेतकरी असून माझ्या यशाचे श्रेय मृदेच्या सेंद्रिय कर्बास जाते." तात्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"ही मृदा कोण?"

"माती हो, तात्या!"

"मग माती म्हणू की. वळखीची हाय."

पण मी ऐकते कसली! कोर्स झालेला होता ना. तात्यांनी मुकाट्यानं मृदा म्हटलं. मध्ये कोंबडी ओरडली, मध्ये ट्रॅक्टर गेला, मध्ये लाइट गेली, मध्ये काकींनी आतून "च्या निवतोया!" असा पुकारा केला आणि तो सेंद्रिय कर्बाच्या मागोमाग रेकॉर्डही झाला. तीन दिवस खपून चौदा तुकडे तयार झाले. त्यांना मी विचार करकरून नावं दिली: एक, दोन, तीन, चार. आणि डी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करून त्यात टाकले. फोल्डरला नाव द्यायला सुचेना, म्हणून कॉम्प्युटरनं स्वतःहून दिलं तेच ठेवलं. न्यू फोल्डर.

मग एकेका स्लाइडला एकेक तुकडा जोडला. बटण दाबलं की फोटो यायचा, मागून तात्यांचा आवाज. अख्खं घर जमून बघत होतं. काकींनी तर पदर तोंडाला लावला.

ती स्लाइडची फाइल मी सीडीवर घेतली. तीही सहजासहजी नाही. कधी मध्येच लाइट जायची, कधी मीच नको ते बटण दाबायचे. पाच सीड्या वाया गेल्या. (त्या काकींनी दोरीला बांधून डाळिंबांवर टांगल्या. पाखरं यायची थांबली, म्हणजे माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी धाक बसला!) सहावी सीडी झाली. घरच्याच कॉम्प्युटरमध्ये घालून बघितली. चौदाच्या चौदा स्लाइडा बोलल्या. तरी मी कच्ची नव्हते हो! बारामतीला क्लासमध्ये जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवरसुद्धा लावली. पहिली स्लाइड आली आणि तात्यांचा आवाज खणखणीत आला, "नमस्कार मंडळी." पुढचं बघणार तेवढ्यात लासुर्ण्याची एसटी लागायची वेळ झाली. पहिली बोलली म्हणजे बाकीच्या बोलणारच, असं म्हणून मी सीडी पर्समध्ये टाकली आणि स्टँड गाठला.

मेळाव्याचा दिवस उजाडला. इंदापुरातलं मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. आमच्या गावची बरीचशी मंडळी मुद्दाम आली होती. ऐकायला नाही, तात्या कधी 'बसतो' म्हणतात ते बघायला. स्पीकर, पडदा, प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर हा सगळा सरंजाम भिगवणच्या बबनरावांचा. बबनराव म्हणजे गडी हरहुन्नरी. एरवी जीपला भोंगे लावून गावोगाव जाहिराती पुकारत फिरायचे, आणि असा कार्यक्रम असला की भाड्यानं सामान आणायचे.

तात्या स्टेजवर उभे राहिले. हातात दाखवायला उसाचं लांब टिपरू. शेतकी अधिकारी म्हणाले, "आता तात्या आपला अनुभव सांगतील, पण आधुनिक पद्धतीनं!" मी ऐटीत सीडी घातली आणि बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी." तात्यांचा आवाज सगळ्या कार्यालयात घुमला. तात्यांचं तोंड बंद! लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. माझी मान आणखी चार बोटं वर गेली.

दुसरी स्लाइड. 'माझा परिवार'. पडद्यावर आमचं सगळं घर ओळीनं उभं, मध्ये आजी खुर्चीवर, आई, काकी, वडील, मी. आणि स्पीकरमधून आवाज आला:

"आली आली आली! आपल्या गावात आली भव्य सर्कस! अक्राळविक्राळ अस्वल, नाचणारी माकडं, आणि एका चाकावर सायकल चालवणारी सुंदरी!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी विचारलं, "ह्यातली सायकलवाली कंची?" आणि कार्यालय फुटलं!

मी घाईघाईनं पुढचं बटण दाबलं. 'बेण्याची निवड'. तात्या उसाचे कोवळे डोळे दाखवतायत, आणि आवाज येतोय, "ताईंनो, माईंनो, रंग जाणार नाही, सूत निघणार नाही, नेसून बघा, मगच घ्या!" पुढची दाबली. 'सेंद्रिय कर्ब'. आवाज म्हणाला, "खरूज, नायटा, गजकर्ण, टाचेच्या भेगा, एकच डबी, घरातल्या सगळ्यांना पुरे!"

मी सीडी बाहेर काढली, ओढणीनं पुसली, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं आणि परत घातली. "नमस्कार मंडळी," स्पीकर म्हणाला. लोक जोरात ओरडले, "नमस्कार!" आणि पुन्हा सर्कस आली!

"बबनराव, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय!" मी दात ओठ खाऊन म्हणाले.

"ताई, सकाळपस्तोर चांगला हुता."

"मग ह्याच्यात सर्कस कुठून आली?"

"सर्कस माझी हाय," बबनराव डोकं खाजवत म्हणाले. "माझाच आवाज हाय त्यो. पर तुमच्या फोटूत कसा घुसला, त्येच कळंना!"

घाबरून माझं बोट बटणावर पडलं आणि दोन-तीन स्लाइडा एकदम उडून पुढची आली. ती माझी खास स्लाइड होती. पडद्यावर एकटे तात्या, फेटा बांधलेले, गळ्यात हार, उसात उभे. खाली मोठ्या अक्षरांत नाव. आणि बबनरावांचा आवाज, अगदी गंभीर:

"हरवला आहे, हो, हरवला आहे! रंग सावळा, अंगानं दणकट, कपाळावर पांढरा ठिपका. स्वभावानं जरा मारका आहे. दावं तोडून पळाला आहे. कुणाच्या रानात चरताना दिसल्यास धरून ठेवावा!"

माणसं खुर्च्यांवरून खाली यायची बाकी राहिली. पाहुणे म्हणून आलेले साहेब उपरण्यात तोंड खुपसून हसत होते. शेतकी अधिकाऱ्यांचे खांदे गदागदा हलत होते. आमच्या गावचा एकजण उभा राहून ओरडला, "सापडला, सापडला! लासुर्ण्याचा हाय!"

मी तात्यांकडं बघितलं. ते तसेच उभे होते. मग मागं वळून खुर्ची कुठं आहे ते बघायला लागले. मला वाटलं, आता हे 'बसतो' म्हणणार. इतक्या वर्षांनी लोक ऐकायला आले होते आणि मी माझ्या चुलत्यांचा भर सभेत बैल केला होता! धरणीमाते, पोटात घे, असं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती, कारण तिचा सेंद्रिय कर्बही मीच घालवला होता. मला रडू फुटायला लागलं.

तेवढ्यात आमच्याच गावचा तो एकजण, लोक हसतायत म्हणून चेकाळून, आणखी ओरडला, "सोडा ओ! त्या पाचटात उंदरं आन् साप हुत्यात, दुसरं काय बी न्हाय!"

तात्यांची मान झटकन वळली.

"कुणाच्या रानात झालं रं?"

माइक लांब होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"सांग की! कुणाच्या रानात साप निघाला? उंदरं तुज्या जाळल्याल्या रानात हायत का माज्या? चल दावतो!"

"तसं न्हाय तात्या, लोक म्हणत्यात..."

"लोकं काय म्हणत्यात ते मी लई वर्सं ऐकतोया. आता तू ऐक!"

आणि तात्या स्टेजवरून खाली उतरले! थेट माणसांमध्ये. शेतकी अधिकारी माइक घेऊन मागं धावले, पण वायर अर्ध्यातच संपली आणि तिनं त्यांना मागं खेचलं. तात्यांना माइकची गरजच नव्हती. टिपरू फरशीवर आपटत ते सांगत होते, "तुमी काडी लावता तवा काय जळतंय ठावं हाय? तुमची मातीच जळती. हात घाल रानात, भाजल्याली वीट हाय का माती ते बघ. माज्या रानात घाल, गांडुळं लागत्याल हाताला." कुणी विचारलं, "पर पाणी कसं पोचतं तात्या?" त्याला तिथंच फरशीवर टिपरानं सरी काढून दाखवली. कुणी म्हणालं, "तोडल्यावर बुडख्यातनं खोडवा कसा फुटतो?" त्याच्या खुर्चीशेजारी बसून सांगितलं. साठ सेकंद कुठले, दीड तास झाला! जेवणाची पंगत खोळंबली, वाढपी दारात उभे राहून ऐकू लागले, आणि तो साप-उंदीरवाला वहीत लिहून घेत होता. मृदा हा शब्द तात्यांच्या तोंडून एकदाही आला नाही.

मी पडद्यामागं उभी राहून रडत होते आणि हसतही होते. पडद्यावर तोपर्यंत 'हरवलेले' तात्या तसेच उभे होते, ते बंद करायचंसुद्धा मला सुचलं नाही.

पुढं बबनरावांनी आणि मी कॉम्प्युटर उघडून बघितला. "ताई," ते म्हणाले, "हितं सीडीवर तर एकच फाइल हाय. तुमचं आवाज कुठं हायत?"

"त्यातच आहेत की!"

"न्हाईत. ह्ये बघा, ह्ये माजं हायत." त्यांनी डी ड्राइव्ह उघडला. आत फोल्डर: न्यू फोल्डर. त्यात एक, दोन, तीन, चार... बबनरावांनाही नावं सुचत नव्हती तर! दोनमध्ये सर्कस, तीनमध्ये साड्या, चारमध्ये मलम. "आन् बैलाचं काय टेन्शन घेऊ नगा," त्यांनी मला धीर दिला, "त्यो चार दिसांनी सवताच घरी आला."

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन बारामतीला क्लासच्या सरांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाच मिनिटं टेबलावर डोकं ठेवून हसले, आणि मग समजावलं. आवाजाची फाइल छोटी असली तर ती स्लाइडच्या पोटात जाते. मोठी असली तर पोटात जात नाही, स्लाइड नुसता तिचा पत्ता लिहून ठेवते. 'नमस्कार मंडळी' होतं चिमुकलं, ते आत गेलं आणि जाईल तिथं बोललं. बाकीच्या तुकड्यांचा नुसता पत्ता सीडीवर गेला: डी ड्राइव्ह, न्यू फोल्डर, नंबर दोन. बबनरावांच्या कॉम्प्युटरनं इमानदारीत त्याच पत्त्यावर जाऊन जे सापडलं ते वाजवलं.

"पण सर, घरी तर सीडी व्यवस्थित वाजत होती!"

"घरी वाजणारच. पत्ता घरचाच होता ना," सर म्हणाले.

मग त्यांनी रीत शिकवली. आधी स्लाइडची फाइल आणि सगळे आवाज एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे, तिथूनच जोडायचे, आणि अख्खा फोल्डर सीडीवर न्यायचा. मग दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लावून शेवटच्या स्लाइडपर्यंत बघायचं. एसटी चुकली तरी चालेल.

घरी येऊन मी तात्यांसमोर मान खाली घालून सगळं कबूल केलं. तात्यांनी पान लावता लावता ऐकलं.

"म्हंजी वरातीत नवरदेवाचा पत्ता गेला आन् नवरदेव घरीच ऱ्हायला, आसंच ना?"

"तसंच, तात्या. चुकलं माझं."

"आगं, बरं झालं की," तात्या म्हणाले. "नवरदेव आला आसता तर मला बोलायची पाळी आली आसती का?" आणि पाठीवर थाप मारली. तात्या कधी कुणाला शाबासकी द्यायचे नाहीत. मी ती थाप अजून विसरलेले नाही.

पण माझ्या सर्टिफिकेटची अब्रू अजून टांगलेलीच होती. मी पुन्हा बसले. फोल्डर केला, त्याला चांगलं नाव दिलं, चौदाच्या चौदा आवाज नीट जोडले, सीडी केली. ती क्लासमध्ये लावली, बबनरावांकडं भिगवणला जाऊन लावली, एका नातेवाइकांच्या दुकानात लावली. सगळीकडं शेवटपर्यंत वाजली. माझ्या हातून आयुष्यात इतकी बिनचूक गोष्ट दुसरी झालेली नाही.

दोन महिन्यांनी माळेगाव बुद्रुकला तसाच मेळावा झाला. एव्हाना तात्यांचं नाव झालं होतं. पाचटवाले तात्या येणार म्हणून माणसं ट्रॅक्टरमधून आली होती. मी शेतकी अधिकाऱ्यांना गळ घातली, "साहेब, या वेळी सीडी लावूच. खात्री माझी." तात्या म्हणाले, "लावा. पोरीनं मेहनत केलीया."

सीडी लागली. एकही सर्कस आली नाही, एकही बैल पळाला नाही. पडद्यावर फोटो आणि मागून तात्यांचा आवाज, अडखळत, एकसुरी, "माझ्या यशाचे श्रेय मृदेच्या सेंद्रिय कर्बास जाते. च्या निवतोया." पाचव्या स्लाइडला पुढची रांग चुळबुळायला लागली. सातव्या स्लाइडला दोघंजण तंबाखू मळायला बाहेर गेले. आठवीला मागून आवाज आला, "ओ, बंद करा की ते! तात्यांना बोलू द्या!" मग दुसरा, मग तिसरा. तात्या बिचारे हात वर करून सांगत होते, "जरा दम धरा, सहाच ऱ्हायल्यात!" आणि मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "वैशे, ह्यो बाबा लई कटाळा आणतोय गं."

मग मीच उठले आणि भिंतीपाशी जाऊन प्लग उपटला. अहो, काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! माझ्या कॉम्प्युटरच्या कामाला तेवढी दाद पुन्हा कधीच मिळाली नाही.